शिवरात्रीच्या आत

द्राक्षबागेत काम करणाऱ्या माणसाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. ते छाटणीला सुरू होतं. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. पहिलीत काडी तयार करायची, दुसरीत त्या काडीवर फळ घ्यायचं. फ्रान्स-इटलीत असं नसतं. तिथे हिवाळ्यात पानं झडतात, वेल झोपते, वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबरच्या आसपास फळ पिकतं. वेलीचं वर्ष तिथे ऋतू ठरवतात. आपल्याकडे वेल आपणहून झोपतच नाही, तिला झोपवणं आणि उठवणं दोन्ही कात्रीचं काम. चौदाव्या शतकात दौलताबादेत राहून गेलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय की तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. आता आपण एकच पीक घेतो, खरड छाटणीनंतर घड निघालेच तर काढून टाकतो. पण वेलीची दोनदा फुटण्याची सवय तीच आहे.

याचा अर्थ असा की फळ कोणत्या महिन्यात पिकवायचं हे आपल्याकडे शेतकरी ठरवतो. बोर्दोच्या शेतकऱ्याला ही मुभा नाही. ही फार मोठी मोकळीक आहे, आणि माझ्या नोकरीतले सगळे अवघड निर्णय तिच्यातूनच निघतात. छाटणीची तारीख एकदा ठरली की पुढचे पाच महिने वेल कोणत्या हवेतून जाणार, फुलोऱ्यात पाऊस गाठणार की नाही, मण्यात पाणी उतरेल तेव्हा रात्र किती गार असेल, तोडणीला ऊन किती चढलेलं असेल, हे सगळं त्या एका दिवशी ठरून जातं. पुढे खतं, पाणी, फवारण्या करून आपण जे करतो ते त्या तारखेची बाजू सावरण्यापुरतं.

मी मूळची अमळनेरची. आमच्या घरी कापूस आणि दादर. द्राक्षं फक्त बाजारात पाहिलेली. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत फील्ड ऑफिसर म्हणून लागले. शेतकऱ्यांच्या बागा बघायच्या, छाटणीपासून तोडणीपर्यंत त्यांच्याबरोबर राहायचं, माल कधी तोडायचा ते वाइनमेकरला सांगायचं, असं ते काम. पुढे बागलाण आणि त्याला लागून असलेला साक्री तालुक्याचा पश्चिम भाग माझ्याकडे आला. नातेवाइकांत आई आजही ‘ती द्राक्षाच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगते. संत सखाराम महाराजांच्या गावात तिचा जन्म गेलाय, त्यामुळे तिचं मला समजतं. पण कामाचं सांगायला लागले की ती लक्ष देऊन ऐकते, कारण बोलणं शेवटी पावसाचं, थंडीचं आणि पिकाचंच असतं.

वाइनची प्रत वायनरीत ठरते असा बऱ्याच लोकांचा समज आहे. टाक्या, लाकडी पिंपं, यंत्रं बघून तसं वाटणं साहजिक आहे. पण मी ज्या वाइनमेकरांच्या हाताखाली शिकले ते सगळे एकच सांगायचे: चांगल्या द्राक्षाची वाईट वाइन करता येते, वाईट द्राक्षाची चांगली वाइन करता येत नाही. आणि वाइनसाठी चांगलं द्राक्ष म्हणजे गोड द्राक्ष नव्हे. खायच्या द्राक्षाला मणी मोठा लागतो, साल पातळ लागते, कुरकुरीतपणा लागतो. त्यासाठी जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) डिपिंगपासून गर्डलिंगपर्यंत सगळं करतात. वाइनला उलट हवं. मणी लहान, साल जाड, बी असलेला, कारण रंग आणि कस सालीत असतो. पाणी हात राखून द्यायचं, घड कमी ठेवायचे. खायच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन माल काढणाऱ्या शेतकऱ्याला चार-पाच टनांवर थांबा म्हणून सांगणं हे माझ्या कामातलं पहिलं अवघड संभाषण.

दुसरं संभाषण आम्लाचं. कच्च्या मण्यात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्लं भरपूर असतात. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागला, की साखर वर जाते आणि आम्ल खाली येतं. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र वेल श्वसनात जाळते, आणि हवा जितकी गरम तितकं जास्त जाळते. दिवसाचं ऊन साखर करतं, रात्रीचा गारवा आम्ल राखतो. लाल जातींत रंगाचंही तेच. दुपारचं तापमान 35 च्या वर राहू लागलं की सालीत रंग नीट भरत नाही. आणि वास? सॉव्हिन्यो ब्लाँचा हिरव्या मिरचीचा, पेरूचा वास गारव्यात पिकलेल्या मण्यातच भेटतो. बी पिकायला, सालीचा तुरटपणा मवाळ व्हायला स्वतःचा वेळ लागतो, त्याला घाई चालत नाही. साखर मात्र उन्हात धावते. साखर आधी पोचली आणि बाकीचं मागे राहिलं, तर ती वाइन दारू म्हणून चढते, पण चवीला भोंगळ लागते. पांढऱ्या वाइनसाठी साधारण 20 ते 22 ब्रिक्स (साखरेचं माप) आणि 3.2 ते 3.4 पीएच, लालसाठी 23-24 ब्रिक्स आणि 3.5-3.6 च्या आसपास पीएच, हे आकडे एकाच सकाळी जुळून यायला हवेत. पीएच वर गेला की वाइनचा रंग मळतो, ती लवकर बिघडते, सल्फाइटही कमी लागू पडतं. वायनरीत वरून टार्टारिक घालता येतं आणि घालतातही. तरी वेलीवर राखलेलं आम्ल आणि वरून घातलेलं आम्ल यांतला फरक जिभेला कळतो.

आता हे सगळं खान्देशावर ठेवून बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, धुळं 250 च्या आसपास, जळगाव 200 च्या. उंचीतल्या एवढ्या फरकानं तापमानात सरळ दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. नाशिकमध्ये सह्याद्रीवरून येणारा वारा संध्याकाळी थोडी उसंत देतो, तापीच्या खोऱ्यात ती नाही. उन्हाळ्याचा विचार केला तर हा मुलूख केळी-कापसाचा, इथे वाइनच्या वेलीचं काय काम?

हिवाळ्याचं चित्र मात्र वेगळं आहे. डिसेंबर-जानेवारीत राज्यात सर्वांत कमी तापमान कुठे, तर धुळ्याला, कृषी महाविद्यालयातल्या नोंदीनुसार, अशी बातमी आपण पुष्कळदा वाचतो. कधी पाच अंश, कधी चार. आमच्या कॉलेजच्या त्या वेधशाळेजवळून सकाळी सातला प्रॅक्टिकलला जाताना हात खिशातून निघत नसत. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते, त्यात उत्तरेचं वारं. दुपारी 28-30 आणि पहाटे आठ-दहा, म्हणजे एका दिवसात वीस अंशांचा फरक. नाशिकपेक्षा उंचीला कमी असूनही धुळ्याची पहाट नाशिकपेक्षा गार असते. वाइनचं द्राक्ष पिकवायला याहून चांगल्या रात्री महाराष्ट्रात शोधून सापडायच्या नाहीत.

याच रात्री रावेर-यावलकडे मात्र लोकांच्या जिवाला घोर लावतात. माझे मामा यावल तालुक्यात केळी लावतात. तिकडे केळीचे हंगाम दोन, मृगबाग आणि कांदेबाग. मृगाला लावायची की कांद्याच्या वेळेला, यावर घड कधी निसवणार आणि थंडीत सापडणार का हे ठरतं. पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडतात, घड पोग्यातच अडकतो. मग रात्री पाणी द्यायचं, बागेच्या कडेला शेवरी-गजराजची दाट ओळ लावून वारा अडवायचा. मामांकडे गेले की आमच्यात हा विषय निघतोच. ज्या रात्री ते बागेत काडीकचरा पेटवून धूर करत असतात, त्या रात्रींची मी दिंडोरीत बसून वाट बघत असते. खान्देशच्या शेतकऱ्याला हंगामाप्रमाणे लागवडीची तारीख पुढे-मागे करणं नवीन नाही हे मला त्यांच्याकडूनच नीट कळलं. द्राक्षात फक्त लागवडीच्या जागी छाटणी येते.

अडचण अशी की खान्देशात थंडी रेंगाळत नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपण म्हणतो. नाशिककडे ती तशी हळूहळू जाते, दिंडोरीत फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. तापीच्या आणि पांझरेच्या खोऱ्यात ती संक्रांत ओलांडली की पाय काढायला लागते, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एखाद्या आठवड्यात दुपारचा पारा थेट 35-36 वर जाऊन बसतो. म्हणजे वाइनसाठी आपल्याला काय हवं, तर मण्यात पाणी उतरण्यापासून तोडणीपर्यंतचा काळ मार्गशीर्ष-पौषात बसला पाहिजे. जानेवारीअखेर माल क्रेटमध्ये.

मग उलटे दिवस मोजा. शिराझ या लाल जातीला छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण 140-150 दिवस लागतात. कॅबर्ने सॉव्हिन्यो त्याहून उशिरा येते, सॉव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ थोड्या आधी. जानेवारीअखेर शिराझ तोडायची तर छाटणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत हवी. आणि सप्टेंबरात अजून पाऊस असतो. फूट कोवळी, घड पोंग्यातून नुकता बाहेर आलेला, पानावर रात्रभर पाणी, हवेत दमटपणा. डाऊनी या बुरशीच्या रोगाला एवढंच पुरतं. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि ती एकदा फुलोऱ्यात शिरली की दोन-तीन दिवसांत घड तपकिरी होऊन हातात येतो. पाऊस टळावा म्हणून छाटणी ऑक्टोबरात नेली, तर फुलोरा कोरड्या हवेत निघतो, पण माल पिकतो फेब्रुवारीअखेर-मार्चात, म्हणजे नेमका उन्हाच्या तोंडी. एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला ऊन. नाशिकच्या शेतकऱ्याला या दोन्हींच्या मध्ये महिना-दीड महिना मोकळा मिळतो. साक्रीच्या शेतकऱ्याला पंधरा दिवस मिळाले तरी खूप.

बागलाणातले लोक हा धोका वर्षानुवर्षं पत्करत आलेत, खायच्या द्राक्षांसाठी. सटाणा, देवळा, कळवण, मालेगावच्या पट्ट्यातली ‘अर्ली’ द्राक्षं प्रसिद्ध आहेत. जुलै-ऑगस्टात भर पावसात छाटणी करायची आणि डिसेंबरात, बाकी कुणाचा माल नसताना, बाजारात उतरायचं. दर चांगला मिळतो तो याच जोखमीचा. साक्रीकडे पिंपळनेरच्या बाजूला ज्यांनी बागा लावल्या त्यांनीही हेच गणित उचललं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस थांबेना, तेव्हा या पट्ट्यातलं दृश्य मी कधी विसरणार नाही. दिवाळी झाली तरी बागेत गुडघाभर चिखल, ट्रॅक्टर रुतलेले, फवारणी करायची तर माणसांनी पाठीवर पंप घेऊन जायचं. साखर भरत आलेले मणी तडकत होते आणि तडकलेल्या मण्यांवर माश्या. एका बागेत म्हातारे आजोबा मंडपाखाली बसून घड खुडत होते आणि टाकत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, “आते काय करानं, ताई?” माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. नुसतं शेजारी बसून मीही घड खुडायला लागले.

पावसाचं नुकसान डोळ्यांना दिसतं, त्याचा पंचनामा होतो, पेपरात फोटो येतो. उन्हानं वाइनच्या द्राक्षाचं जे होतं त्याचा पंचनामा कुणी करत नाही. 2023 चा फेब्रुवारी घ्या. देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या फेब्रुवारींमध्ये सर्वांत जास्त, असं हवामान खात्यानं सांगितलं. त्या महिन्यात मी शिराझच्या एका प्लॉटवर रोज सकाळी जात होते. आमचा नमुना घ्यायचा प्रकार साधा असतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून असे शंभरेक मणी पिशवीत घ्यायचे, पिशवीतच चुरडायचे, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून उजेडाकडे धरायचा. निळ्या-पांढऱ्या रेषेवर ब्रिक्स वाचायचं. मग मीटरनं पीएच. पण त्याआधी मी मणी खाते. साल दातांनी वेगळी करून चावायची, थुंकल्यावर बोटांना रंग किती लागतो ते पाहायचं. बी बाहेर काढून बघायचं. हिरवट असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कडकन मोडलं तर पिकलं. त्या आठवड्यात साखर चार दिवसांत दोन ब्रिक्सनं वर गेली आणि बी हिरवंच. सालीत तुरटपणा तसाच, जिभेवर आंबटपणा मात्र रोज कमी होत चाललेला. मणी देठाकडून सुरकुतायला लागले. म्हणजे साखर वाढत होती त्यात निम्मी तर पाणी उडून गेल्यामुळे घट्ट झालेली.

अशा वेळी दोनच वाटा असतात. बी पिकेपर्यंत थांबायचं, तोवर साखर 26-27 वर जाऊ द्यायची, आम्ल गमवायचं, आणि वायनरीत टार्टारिकची पोती उघडायची. नाहीतर आज तोडायचं आणि त्या मालाची हलकी रोझे करायची. आम्ही दुसरी वाट धरली, आणि मला आजही ती बरोबर वाटते, कारण द्राक्ष जे झालंय त्याचीच वाइन करावी. जे व्हायला हवं होतं त्याची करायला जाऊ नये. होळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा धुळे-नाशिक भागात ज्यांचा माल वेलीवर होता त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीची आठवण लोकांना अजून घट्ट आहे, म्हणून त्या दिवसांत आभाळ काळं झालं की बागेतल्या गप्पा थांबतात.

तोडणी पहाटेची. खान्देशात तर ती अंधारातच व्हायला हवी. डोक्याला बॅटरी बांधून बाया चारला ओळीत शिरतात. यातल्या पुष्कळ जणी सुरगाणा-पेठच्या किंवा साक्रीच्या पश्चिम पट्टीतल्या. नाशिकच्या बागांना त्यांचेच हात आहेत, आणि घड बघून त्याचं वजन सांगणाऱ्या कितीतरी बाया मला माहीत आहेत. पहाटे दहा-बारा अंशाला तोडलेला घड आणि सकाळी दहाला 28 अंशाला तोडलेला घड ही वाइनच्या दृष्टीनं दोन वेगळी फळं आहेत. गरम मणी क्रेटमध्ये दबला की रस सुटतो, हवा लागते, रस तपकिरी पडतो आणि टाकीत जायच्या आधीच आंबायला लागतो. पिंपळनेरहून सटाण्यामार्गे दिंडोरीकडे यायला तीन-साडेतीन तास सहज जातात. म्हणून आमची गाडी सातला बागेतून निघालीच पाहिजे. ही वेळ पाळण्यासाठी मी जेवढी भांडले तेवढी दुसऱ्या कशासाठी भांडले नसेन. वाइनमध्ये द्राक्षाचा वास राहावा यासाठी हे भांडण आहे हे एकदा टोळीच्या मुकादम बाईला टाकीतला रस चाखवून सांगितलं, तेव्हापासून ती स्वतःच साडेसहाला ‘चला चला’ करते.

थंडी आणि ऊन याबद्दल सगळे बोलतात. उन्हाळ्यातल्या ढगांबद्दल कमी लोक बोलतात, आणि मला वाटतं पुढच्या काळात हाच प्रश्न मोठा होणार आहे. फेब्रुवारीत जो घड आपण तोडतो तो ऑक्टोबरात तयार होत नाही. तो खरड छाटणीनंतर, साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत तयार होतो. सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात ती हीच. त्या दिवसांत डोळ्याला ऊन हवं, पानाला उजेड हवा. आमच्याकडे म्हणतात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत छाटून मोकळं व्हावं, म्हणजे मे महिन्याचं कडक ऊन डोळ्यांना मिळतं. खान्देशचं जे ऊन फळाला नको ते काडीला हवं असतं, अर्थात बोदात ओल टिकवली आणि ठिबक नीट चालवलं तर. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला आणि मोसमी पाऊसही नेहमीच्या आधी येऊन बसला. दिवसचे दिवस ढग. त्या वेळी छाटलेल्या बागांत डोळ्यांत घड बसले नाहीत, गोडी छाटणीनंतर घडाच्या जागी बाळी निघाली. शेतकरी म्हणतो घड जिरले. खरं तर बऱ्याच डोळ्यांत ते धरलेच नव्हते. पाच महिने आधीच्या ढगांचा हिशेब ऑक्टोबरात असा समोर येतो, तेव्हा काही करता येत नाही. म्हणून आता मी छाटणीआधी काड्यांचे डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायचा आग्रह धरते. किती डोळ्यावर घड आहे ते कळलं तर काडी किती ठेवायची ते ठरवता येतं.

धंद्याचा हंगामही हवेच्या हंगामाइतकाच लहरी आहे. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि नाशिकमध्ये लोकांनी खायची थॉमसन काढून शिराझ-कॅबर्ने लावली. 2008-09 च्या मंदीनंतर वायनऱ्यांनी माल उचलायला नकार दिला तेव्हा त्याच लोकांनी डोळ्यांत पाणी आणून वेली उपटल्या. 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, त्यावर वाद पेटला आणि तो अमलात आला नाही. त्यामुळे साक्रीतला कुणी ‘वाइनची द्राक्षं लावू का’ असं विचारतो तेव्हा मी आधी लेखी करार विचारते, भाव कशावर, किती वर्षं, ब्रिक्स कमी भरलं तर काय. हवामानाचं बोलणं त्यानंतर.

पिंपळनेरजवळच्या एका आप्पांनी हे सगळं ऐकूनही अर्ध्या एकरावर शिराझ लावली, डॉगरिजच्या खुंटावर कलम करून. बाकीच्या बागेत त्यांची अर्ली थॉमसन आहेच, पोट तिच्यावर. शिराझ ते जिद्दीनं करतात. पहिली दोन पिकं ऑक्टोबर छाटणीची. माल फेब्रुवारीअखेर आला, साखर भरपूर, आम्ल नाही. पुढच्या वर्षी अर्ध्या ओळी सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटल्या. डाऊनीनं निम्मे घड नेले, पण जे वाचले ते जानेवारीच्या शेवटी पिकले. त्या ओळींचा रस मी पहाटे पाचला, थंडीनं बोटं वळत नसताना, चाखला. रंग गर्द, बी तपकिरी, आणि आंबटपणा तोंडात शेवटपर्यंत. पीएच 3.5 च्या खाली. एवढ्या चांगल्या आकड्यांची शिराझ मला दिंडोरीतही क्वचित मिळते. माल मोजून काही क्रेट, पण खान्देशच्या पौषात लाल वाइनचं द्राक्ष पिकू शकतं हे त्या दिवशी नक्की झालं. प्रश्न फक्त सप्टेंबरातून ते सुखरूप बाहेर कसं काढायचं एवढाच उरला.

त्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन हा एक उपाय आहे. नाशिक-बागलाणात खायच्या द्राक्षांवर ते दिसायला लागलंय. ओळीवर कमान करून पारदर्शक कापड ताणायचं, पाऊस पानावर पडतच नाही, डाऊनीच्या फवारण्या निम्म्याहून खाली येतात. खर्च एकरी लाखांत जातो आणि वाइनच्या भावात तो कसा भागवायचा हे सोपं नाही. शिवाय कापडाखाली हवा कोंडते, भुरीला ती आवडते, आणि रात्रीचा गारवा किती अडतो हे ज्याच्या त्याच्या बागेत मोजूनच बघावं लागतं. आमचा विचार असा आहे की मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कापड गुंडाळून ठेवायचं आणि पुढच्या सगळ्या रात्री उघड्या आभाळाखाली घ्यायच्या. आप्पांनी चार ओळींवर कमानी उभ्या केल्या आहेत. दोन ओळी कापडाखाली, दोन बाहेर, आणि चारही ओळींत घडाच्या उंचीवर थर्मामीटर. छाटणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात धरली आहे. टोळीला सांगून झालंय. पोळा मध्ये येतो म्हणून एक दिवस अलीकडे घेतलाय. डोळे फुटावेत म्हणून लावतात ती पेस्ट त्याच संध्याकाळी लावायची, कारण दुसऱ्या दिवशी पाऊस सांगितला तर ती धुऊन जायला नको. काड्यांचे डोळे तपासायला मी येत्या सोमवारी घेऊन जाते आहे.